डॉक्टर बोलतो, बाई लिहिते

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला सरळच विचारलं, "पोरींनो, तुम्ही पुण्याला रात्रीची नोकरी करायच्या, म्हणजे नेमकं काय करायच्या?" वीस वर्षं हा प्रश्न गावात होता, पण तोंडावर कुणी विचारला नव्हता. पाठीमागे मात्र बरंच बोललं जायचं. रात्री आठला गाडी न्यायला येते, सकाळी सहाला सोडते, आणि पोरगी म्हणते मी टायपिंग करते. असलं कसलं टायपिंग, जे रात्रीच करावं लागतं?

म्हणून आज आम्ही तिघी मिळून त्या कामाची गोष्ट सांगणार आहोत. त्या कामाचं नाव मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटला तपासतो आणि काय पाहिलं, काय औषध दिलं ते यंत्रात बोलून ठेवतो. ते बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तो बहुतेक सगळा बायकांचा आहे.

एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. महाभारताची गोष्ट तर लहान पोरंसुद्धा सांगतात. गणपती म्हणाला, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आमच्या कामाच्या अटी अगदी याच होत्या. हात थांबवायचा नाही आणि समजल्याशिवाय लिहायचं नाही. गणपतीला ओळीमागे पैसे मिळत नव्हते, एवढाच काय तो फरक.

आता अमेरिकेकडे वळू. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या दवाखान्यांतही कागदपत्रांची आबाळच होती. डॉक्टरच्या डोक्यात असेल तेवढी माहिती. डॉक्टर गेला की माहितीही गेली. तिथल्या शल्यचिकित्सकांची मोठी संघटना १९१३ साली स्थापन झाली. तिने दवाखान्यांसाठी किमान नियम ठरवले. त्यातला एक महत्त्वाचा नियम असा, की प्रत्येक पेशंटची नोंद लेखी, पूर्ण आणि अचूक असली पाहिजे. मग शंभरावर खाटांच्या ६९२ दवाखान्यांची पाहणी झाली आणि त्यातले फक्त ८९ पास झाले! नापासांच्या यादीत इतकी मोठमोठी नावं होती की १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात संघटनेच्या लोकांनी ती यादीच भट्टीत घालून जाळली. निकाल लागायच्या आधी पेपर गायब होणं फक्त आपल्याकडेच होतं असं वाटायचं आम्हाला.

यादी जळाली, पण नियम राहिला. नोंद लेखी पाहिजे म्हटल्यावर लिहिणार कोण? डॉक्टरला वेळ नाही आणि त्याचं अक्षर तर जगात सगळीकडे सारखंच. तेव्हा बायका आल्या. लघुलिपी शिकलेल्या, टायपिंग येणाऱ्या मुली डॉक्टरच्या शेजारी वही घेऊन बसू लागल्या. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. पेशंटच्या जुन्या नोंदी नीट लावून ठेवण्याचं काम त्यांनी केलं, आणि १९२८ साली अशा नोंदी सांभाळणाऱ्यांची संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच झाल्या.

दरम्यान यंत्र आलं होतं. एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारा फोनोग्राफ बनवला. आज आपण म्हणू, गाणी ऐकायला बनवला असेल. पण त्याचा काय काय उपयोग होईल हे त्याने पुढच्या वर्षी लिहून काढलं, तेव्हा पहिला उपयोग सांगितला तो पत्रं सांगण्याचा: साहेब यंत्रात बोलेल आणि लघुलिपीवाल्याची गरज उरणार नाही. मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरला जायचा, काम झालं की वरचा थर तासून तेच नळकांडं पुन्हा वापरायचं. एडिसनचं एक मात्र चुकलं. माणसाची गरज काही संपली नाही. साहेब आपल्या वेळेला बोलून मोकळा झाला आणि ते ऐकून लिहिणारी बाई दुसऱ्या खोलीत गेली. पूर्वी ती समोर असायची. एखादा शब्द कळला नाही तर विचारायची. आता विचारायचं कुणाला? आमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण तिथेच जन्माला आली असं आम्हाला वाटतं. भिंत आली. पुढे ती भिंत रुंद होत होत समुद्राएवढी झाली.

नळकांड्यानंतर पट्टे आले, मग टेप, मग कॅसेट. १९६५ साली अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या उपचाराच्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, कायदा झाला. विमा आला की कागद आला. लिहिलेलं नसेल तर पैसे मिळत नाहीत. काम वाढलं. कितीतरी अमेरिकन बायका घरी कॅसेट आणून, पोरं झोपवून, स्वयंपाकघराच्या टेबलावर हे टायपिंग करायच्या. १९७८ साली त्यांनी आपली संघटना काढली. १९८५ साली अध्यक्ष रेगन यांनी या बायकांच्या नावाने मे महिन्यात एक आठवडाच जाहीर केला. सत्कार झाला. दर वाढला की नाही ते वेगळं.

आपल्या देशात हे काम नव्वदच्या दशकात आलं. सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, आणि आवाजाची फाइल तारेतून येऊ-जाऊ लागली. सप्टेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने करसवलतीच्या संगणक सेवांची यादी काढली, तिच्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं नाव होतं. मग काय, बंगलोर, चेन्नई, हैदराबाद, मुंबई, पुणे, सगळीकडे क्लासच्या पाट्या लागल्या. "बारावी पास? इंग्रजी येतं? अमेरिकेचं काम घरबसल्या!" आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी म्हैस विकून त्या क्लासची फी भरली. क्लास सहा महिन्यांचा होता, चौथ्या महिन्यात चालकच पाटी काढून पसार झाला. तो काळ अनेक घरांनी असा सोसला. दुसरी दोघींना बऱ्या ठिकाणी शिकायला मिळालं आणि त्यांनी तिसरीला हात दिला.

आता रात्रीचं. जाहिरातीत सांगायचे की अमेरिकेत डॉक्टर झोपतात तेव्हा भारतात दिवस असतो, म्हणून हे काम सोयीचं. ऐकायला बरं वाटतं. आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. त्या हिशेबाने त्यांची रात्र हा आपला दिवस, मग रात्रपाळी कशाला? तर तातडीच्या फायलींसाठी. ऑपरेशनला निघालेल्या किंवा दुसऱ्या दवाखान्यात हलवायच्या पेशंटचा रिपोर्ट दोन-चार तासांत द्यावा लागायचा. डॉक्टर त्यांच्या दुपारी बोलणार, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र. कायद्याचं म्हणाल, तर १९४८ च्या दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याने बायकांना रात्री उशिरा कामावर ठेवायला मनाई होती. या धंद्याला त्यातून सूट मिळाली. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा कंपनीच्या गाडीतच घात झाला, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. त्या काळात आमच्या घरून रोज रात्री तीन-तीन फोन यायचे. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र कायद्यात बाईची संमती असेल आणि सुरक्षेची, ने-आणीची सोय असेल तरच रात्री साडेनवानंतर काम, असं लिहिलं गेलं.

काम कसं चालायचं ते सांगतो. कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर, बोटं कीबोर्डवर आणि पाय पेडलवर. शिवणयंत्राला असतं तसं पेडल. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, एका बाजूला दाबलं की मागे. आमच्यातली जी शिवणकाम करायची तिला ते पहिल्याच दिवशी जमलं. बाकीच्या आठवडाभर पाय आणि हात जुळवत बसल्या.

आणि आवाज! कुणी डॉक्टर गाडी चालवताना बोलायचा, मागून हॉर्न. कुणी चिप्स खात बोलायचा. एक बाई डॉक्टर होती, तिचं बाळ मांडीवर रडत असायचं आणि ती एका दमात एखाद्याच्या हृदयाच्या चारी कप्प्यांचं वर्णन करायची. तिच्या फायली आम्ही मुद्दाम मागून घ्यायचो. तिकडचे पुष्कळ डॉक्टर मूळचे भारतातलेच. तेलुगू, गुजराती, तमिळ वळणाचं इंग्रजी. एकदा एक डॉक्टर मध्येच थांबला आणि मागे कुणाला तरी म्हणाला, "अगं, जरा थांब ना!" रात्री तीन वाजता आम्ही तिघी खुर्चीतून उडालो.

खरी मारामारी शब्दांशी. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. घाईत बोललेलं दोन्ही सारखंच ऐकू येतं. रक्तदाब वाढलाय की घटलाय हे त्या अर्ध्या अक्षरावर. डिस्फेजिया म्हणजे गिळता न येणं, डिस्फेझिया म्हणजे बोलता न येणं. इलियम तर दोन आहेत, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरा कमरेचं हाड. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहू, उच्चारही एकच, इंग्रजीत मात्र एका अक्षराचा फरक. डॉक्टर आतड्याबद्दल बोलतोय की हाडाबद्दल, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून समजून घ्यायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आम्ही असे हजारो शब्द पाठ केले. फिफ्टीन आणि फिफ्टी, पंधरा आणि पन्नास, या दोघांनी तर आमची जितकी झोप उडवली तितकी कुणी नाही.

नाहीच कळलं तर? तर रिकामी जागा सोडायची. खूण करून वर तपासणीला पाठवायचं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अंदाज मारायचा नाही. पण पगाराचा हिशेब वेगळं सांगायचा. पैसे ओळीवर. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. फार रिकाम्या जागा सोडल्या की गुण कापले जायचे, गुण कापले की हप्ता कमी. एक शब्द दहा वेळा मागे घेऊन ऐकला तर तेवढ्या वेळात वीस ओळी हुकल्या. एकीकडे सांगायचं चुकू नका, दुसरीकडे पैसे द्यायचे घाईला. मैत्रिणींनो, उसाच्या फडात टनावर तोड करणाऱ्या बायांना हे गणित आमच्याहून चांगलं कळेल.

त्या चुकीची किंमत काय असते याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. २००८ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मधुमेहाची एक बाई दवाखान्यातून दुसऱ्या केंद्रात हलवली गेली. डॉक्टरने इन्शुलीन सांगितलं होतं ८ युनिट. कागदावर आलं ८०. डॉक्टरची सही होण्याआधीच तो कागद पुढे गेला, नर्सने त्याप्रमाणे इंजेक्शन दिलं आणि ती बाई गेली. दवाखान्याने टायपिंगचं काम एका कंपनीला दिलेलं, तिने पुढे दुसरीला, आणि प्रत्यक्ष टायपिंग झालं होतं भारतात. २०१२ साली तिथल्या ज्युरीने १४ कोटी डॉलर भरपाई ठरवली.

ही बातमी आम्हाला कळली तेव्हा आम्ही काम सोडलेलं होतं. तरीही तिघी एकमेकींशी फोनवर कितीतरी वेळ बोललो. कुठल्या शहरात, कुठल्या टेबलावर तो एक शून्य जास्त पडला असेल? पाळीचा कितवा तास असेल? कोर्टाच्या कागदात कंपन्यांची नावं आली. ती टायपिंग करणारी कोण, ते आम्हाला माहीत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "ती मीही असू शकले असते." त्यावर कुणी काही बोललं नाही. चूक फक्त तिची नव्हती, सही न करणारा होता, न विचारता सुई टोचणारी होती, हे सगळं खरं. पण म्हणून तो शून्य हलका होत नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने २००४ सालीच नियम काढला होता की युनिटसाठी नुसतं यू हे अक्षर लिहायचं नाही, पूर्ण शब्द लिहायचा. कारण हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो. म्हणजे आठाचे ऐंशी होण्याची भीती आधीपासून ठाऊक होती.

काम एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला देण्याच्या या साखळीची आणखी एक गोष्ट आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये पाकिस्तानात कराचीला बसून टायपिंग करणाऱ्या एका बाईने कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या दवाखान्याला धमकी दिली: माझे थकलेले पैसे द्या, नाहीतर पेशंटची माहिती इंटरनेटवर टाकते. दवाखान्याला पत्ताच नव्हता की आपलं काम कराचीला जातंय. त्यांनी काम दिलं होतं कॅलिफोर्नियातल्या कंपनीला, तिथून ते फ्लोरिडाला गेलं, तिथून टेक्सासला, तिथून कराचीला, आणि प्रत्येक हाताने आपला वाटा काढून घेतला. काही पैसे मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली. तिने केलं ते वाईटच. आजारी माणसाची गुपितं वेठीला धरायची नसतात, आम्ही ती रात्रंदिवस ऐकली पण घरी आईलाही सांगितली नाहीत. तरी मुकादमाने पैसे अडकवले म्हणजे पोटात कशी आग पडते, हेही आम्हाला माहीत आहे. त्यानंतर आमच्याकडे पेन, कागद, मोबाइल आत नेणं बंद झालं. थकलेले पगार वेळेवर देण्याचा नियम काही त्यासोबत आला नाही.

२००९ साली अमेरिकेने कायदा करून दवाखान्यांना संगणकावर नोंदी ठेवायला पैसे दिले. डॉक्टर स्वतःच पडद्यावर खुणा करू लागले. आवाज ओळखून आपोआप लिहिणारी यंत्रं आली. आम्हाला सांगितलं, आता टाइप करायचं नाही, यंत्राने लिहिलेलं फक्त तपासायचं. तपासायचा दर निम्मा. पण वेळ निम्मा लागत नव्हता. आमची चूक ओळखू यायची, अक्षर गळलेलं असायचं नाहीतर जागा रिकामी. यंत्र जागा रिकामी सोडतच नाही. कळो न कळो, ठणकावून काहीतरी लिहितं, आणि ते इतकं स्वच्छ दिसतं की डोळा वरून घसरतो. आता तर डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून स्वतःच रिपोर्ट लिहिणारी यंत्रं निघाली आहेत. एडिसनला जे वाटलं होतं ते बहुधा दीडशे वर्षांनी होतंय. आमच्या बरोबरच्या काहीजणी विम्याच्या कोडिंगच्या कामात गेल्या, काही घरी बसल्या. आमच्यातली एक आज पिठाची गिरणी चालवते, एक ग्रामपंचायतीत संगणकावर बसते, एक शिकवण्या घेते.

एक गोष्ट राहिली. त्या वर्षांत टेक्सासच्या कुठल्यातरी आजीची साखर, तिचं पडणं, तिच्या नातवाचं नाव, सगळं आम्हाला माहीत असायचं. आणि इथे आमच्यातल्या एकीच्या आईचं ऑपरेशन झालं, तर गर्भाशय काढलं की आणखी काही, हे घरात कुणाला धड सांगता येत नव्हतं. दवाखान्याने दिलेली चिठ्ठी पावसात भिजून गेली होती. मग आम्हाला कळलं की आपल्याकडेही नियम आहे: २००२ सालच्या डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. आम्ही अर्ज केला. पहिल्यांदा "साहेब नाहीत", दुसऱ्यांदा "कशाला पाहिजेत?", तिसऱ्यांदा त्या नियमाचा कागदच सोबत नेला, तेव्हा चार पानांच्या झेरॉक्स मिळाल्या.

त्या रात्री आम्ही तिघी पुन्हा एकदा जुन्यासारख्या बसलो. हेडफोन नव्हता, पेडल नव्हतं, समोर फक्त डॉक्टरचं अक्षर. वहीत एकेक ओळ उतरवत गेलो. गर्भाशय काढलं होतं, दोन्ही बीजकोशही काढले होते, रक्त एक बाटली चढवलं होतं. आईला शेजारी बसवून मराठीत सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं काढलं होय माझ्यातलं?" आणि मग बराच वेळ गप्प बसली. दोन ठिकाणी शब्द लागलाच नाही. तिथे जागा रिकामी सोडली, पेन्सिलीने खूण केली, आणि मंगळवारी वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. एक शब्द त्यांनी सांगितला. दुसरा त्यांनाही वाचता आला नाही.